जन्मजात, सहज की अंगची?

गोदाकाठ :
इंदिरानगरमधल्या आमच्या सोसायटीसाठी डेंग्यूचा माहितीफलक लिहितेय. विषाणूची आधीची ओळख नसतानाही शरीराची जी पहिली फळी लगेच कामाला लागते, तिला मी 'जन्मजात प्रतिकारशक्ती' म्हटलं. शेजारच्या आजींनी वाचून विचारलं, "म्हणजे काहींना जन्मापासूनच डेंग्यू होत नाही का गं?" जन्मजात म्हटलं की आपल्याकडे व्यंग तरी आठवतं नाहीतर प्रतिभा. दुसरा शब्द सुचवा.

सातपूरकर :
'सहज' घ्या. चरकसंहितेत बळाचे तीन प्रकार सांगितलेत : सहज, कालज (ऋतू-वयाप्रमाणे येणारं), युक्तिकृत (आहार-विहारानं कमावलेलं). सह + ज, म्हणजे जन्माबरोबर आलेलं. घरात इतका नेमका शब्द असताना बाहेर कशाला शोधायचं?

माहेरवाशीण :
शब्द सुंदर आहे, पण आज 'सहज' म्हणजे 'सहज आले होते, म्हटलं भेटून जावं'. फलकावर 'सहज प्रतिकारशक्ती' वाचून लोक समजतील, ताप आपोआप उतरतो. 'उपजत' का नको? उप + जात, सरळ आहे.

सातपूरकर :
उप + जात नाही हो. उत्पद्यते, प्राकृतात उप्पज्जइ, त्यावरून उपजणे, त्याचं उपजत. आणि अर्थ रूढ नसेल तर रूढ करायचा असतो. आपण वापरलाच नाही तर तो रुळणार कसा?

सूक्ष्मदर्शी :
मी प्रयोगशाळेत काम करतो. माझा आक्षेप 'शक्ती'वर आहे. एडिस डास चावला की विषाणू आधी कातडीतल्या डेंड्रिटिक पेशींत, म्हणजे तिथल्या पहाऱ्यावरच्या पेशींत, शिरतो. पेशीच्या आत आरआयजी-आय, एमडीए-५ असे पहारेकरी असतात, ते त्याचा आरएनए, म्हणजे विषाणूचा जनुकीय मजकूर, ओळखतात. मग पेशी इंटरफेरॉन नावाचं इशारा देणारं प्रथिन सोडते आणि आजूबाजूच्या पेशी सावध होतात. डेंग्यूचा विषाणूही गप्प बसत नाही. त्याचं एनएस-५ प्रथिन इंटरफेरॉनचा निरोप पुढे नेणाऱ्या स्टॅट-२ या प्रथिनाला नष्ट करवतं. ताप, अंगदुखी बऱ्याच अंशी या झटापटीतूनच येतात. ही झटापट बेसुमार वाढली तर रक्तवाहिन्यांतून द्रव पाझरू लागतो, आणि तेही बहुधा ताप उतरायच्या सुमारास. 'शक्ती' लिहिलं की लोक ती वाढवायला काढे शोधतात. 'प्रतिसाद' लिहा.

निफाडकर :
आमच्याकडे द्राक्षाचं कलम डॉगरिज जातीच्या खुंटावर, म्हणजे मुळांच्या झाडावर, बांधतात. पाण्याचा ताण, खारट जमीन सोसायचं त्याच्या अंगचंच असतं, फवारणी नंतरची. तसं 'अंगची' म्हणा. अंगची हुशारी, अंगचे गुण हे सगळ्यांना कळतं. आजींनाही कळेल.

माहेरवाशीण :
अंगची! हाच शब्द.

सातपूरकर :
बोलायला ठीक. पण 'अंगचा प्रतिसाद' छापील मजकुरात फार घरगुती वाटेल. निदान 'अंगभूत' करा.

निफाडकर :
फलक जिन्यात लागणार ना? मग घरगुतीच हवा. जिन्यात थांबून संस्कृत कोण वाचणार?

सूक्ष्मदर्शी :
एक ओळ मात्र जरूर घाला. एका प्रकारचा डेंग्यू होऊन गेला म्हणजे उरलेल्या तीन प्रकारांपासून कायमचं संरक्षण मिळतं असं नाही. उलट पहिल्या खेपेची प्रतिद्रव्यं (अँटिबॉडी) कधीकधी दुसऱ्या प्रकारच्या विषाणूला पेशीत शिरायला मदत करतात. ती अंगची नाहीत, कमावलेली आहेत. हा फरक दाखवायलाच तर दोन वेगळे शब्द हवेत.

गोदाकाठ :
'कमावलेली' फारच छान. फलक रविवारी लावायचाय. तूर्त 'अंगचा प्रतिसाद' लिहू का? आणि 'इंटरफेरॉन'चं काय करू?

सातपूरकर :
१९५७ मध्ये आयझॅक्स आणि लिंडेनमन यांनी हे नाव दिलं ते विषाणूच्या वाढीत अडथळा आणणारं द्रव्य म्हणून. 'अटकावद्रव्य' करा.

माहेरवाशीण :
नको, इंटरफेरॉनच राहू द्या. डॉक्टर जे बोलतात तेच फलकावर दिसू दे. त्यापेक्षा वर मथळ्यात 'डेंग्यू' लिहिलंय ते 'डेंगी' करा, खरा उच्चार तोच आहे.

निफाडकर :
उच्चार कुठलाही असो. नाशकात रिक्षावाल्यापासून पेपरापर्यंत सगळे डेंग्यूच म्हणतात.

सातपूरकर :
सगळे म्हणतात म्हणून बरोबर? मग वर 'सहज' का नाकारलंत?

निफाडकर :
'सहज' त्या अर्थानं कुणीच म्हणत नाही म्हणून!