परदेशात समुद्रकाठी फ्लॅट घ्यावा का? आमच्या घरात वाद पेटलाय

शाहूपुरीकर
मंडळी, गेल्या रविवारी इथं कोल्हापुरातच एका हॉटेलात परदेशातल्या फ्लॅटचा कार्यक्रम होता. दुबई, थायलंडमधलं पट्टाया आणि काळ्या समुद्रावरच्या जॉर्जिया देशातलं बातुमी, तिन्हीकडचे फ्लॅट स्क्रीनवर दाखवले, बातुमीचा समुद्र दिसणारा स्टुडिओ सगळं धरून 60 लाखात बसतोय असं एजंट म्हणतोय. मी घ्यायच्या विचारात आहे, बायको आणि थोरला भाऊ दोघंही विरोधात. माझं कारण नुसतं भाड्याचं नाही. 2019 च्या पुरात दुकानात छातीएवढं पाणी, घराचा तळमजला गेला, हायवे शिरोलीजवळ बंद म्हणून पार्टीचा माल अडकला, आणि गरजेला जो प्लॉट विकायचा म्हणून राखून ठेवलेला तो पण नदीकडचाच, गिऱ्हाईक फिरकेना. 2021 ला परत तेच. म्हणजे आमचं सगळं एकाच पंचगंगेच्या भरवशावर आहे बघा. थोडा तरी पैसा दुसऱ्या देशात, दुसऱ्या चलनात असावा असं मनापासून वाटतंय. तुमचं काय मत?

हिशेबनीस
दादा, पैसा बाहेर ठेवायला माझा विरोध नाही, फ्लॅटला आहे. आधी आकडा बघा. एका माणसाला वर्षाला अडीच लाख डॉलर बाहेर पाठवता येतात, ती अडचण नाही. पण 10 लाखाच्या वर जे जाईल त्यावर बँक 20 टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापणार. 60 लाख एकट्याच्या नावानं पाठवले तर 50 लाखावर 10 लाख कापले जातात. ते बुडत नाहीत, रिटर्नमध्ये वळते होतात किंवा परत मिळतात, पण तोवर अडकले ना, म्हणजे हातात 70 लाख पाहिजेत. वहिनींच्या स्वतःच्या पैशातून निम्मे गेले तर त्यांची 10 लाखाची मर्यादा वेगळी मिळते. आणि पुढं दरवर्षी रिटर्नच्या शेड्युल एफएमध्ये, म्हणजे परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात, तो फ्लॅट दाखवायचा, भाडं आलं तर ते पण इथं दाखवायचं. विसरलं तर काळ्या पैशाच्या 2015 च्या कायद्याखाली 10 लाखांचा दंड होऊ शकतो. हे एजंटनं सांगितलं का?

रंकाळा ते शारजा
हिशेबनीस काका, सगळं बरोबर हाय पण तुम्ही माणसाला घाबरवून सोडताय. मी तेरा वर्षं इकडं हाय. 2010 ला दिरहम, म्हणजे इथलं चलन, 12 रुपयाच्या आसपास होता, आता त्याच्या जवळपास दुप्पट. दिरहम डॉलरला 3.6725 ला बांधलाय, त्यामुळं भाव जागेवर राहिला तरी डॉलर वधारला की रुपयात वाढतोच, हे कोल्हापुरातल्या फ्लॅटला जमणार न्हाई. बिल्डर पळून जाईल अशी भीती असेल तर दुबईत 2007 च्या कायद्यानं बांधकाम चालू असलेल्या इमारतीचा पैसा एस्क्रो खात्यातच, म्हणजे त्याच बांधकामासाठी राखलेल्या वेगळ्या खात्यात जातो. फक्त नोंदणीचे 4 टक्के आणि दरवर्षीचा सर्व्हिस चार्ज, जो स्क्वेअर फुटावर असतोय, तो आधी विचारून घ्यायचा. शाहूपुरीकर भावा, घे पण दुबईत घे, तयार घे, स्वतः येऊन बघून घे. बातुमीच्या नादाला लागू नको.

नागाळा पार्क
तयार घ्या म्हणताय आणि 2008-09 विसरताय? तेव्हा तिथले भाव दोनेक वर्षांत जवळपास निम्म्यावर आलेले, ज्यांना विकायचं होतं त्यांना गिऱ्हाईक नव्हतं.

रंकाळा ते शारजा
न्हाई विसरलो. म्हणून तर कर्ज काढून घेऊ नका म्हणतोय, ज्याला दहा वर्षं पैसा लागणार न्हाई त्यानंच घ्यावा.

गंगावेस
बातुमीला मी कामासाठी जाऊन आलोय, नोव्हेंबरात. किनाऱ्यावर वाळू नाही, गोटे आहेत. पाऊस वर्षाला 2400 मिलिमीटरच्या आसपास, आपल्या शहराच्या दुपटीहून जास्त, म्हणजे सीझन उन्हाळ्याचे तीन-चार महिने. मी उतरलो होतो त्या टॉवरसमोर तसाच दुसरा टॉवर होता. रात्री आठला गॅलरीत उभं राहून मोजलं, एका बाजूच्या सगळ्या खिडक्यांत मिळून पाच दिवे. खाली लॉबीत लोखंडी रेलिंगला गंज चढून पोपडे सुटलेले, आणि इमारत नवीच होती. जमीन-इमारत तिथं परदेशी माणसाच्या नावावर होते, शेतजमीन तेवढी होत नाही, कागदाचा घोळ नाही. घोळ हा आहे की सगळे विकणारेच, तुमचा फ्लॅट उद्या घेणार कोण? पट्टायाचं वेगळं, तिथं इमारतीच्या 49 टक्के क्षेत्रापर्यंतच परदेशी लोकांच्या नावावर होतं, तो कोटा भरला असेल तर 30 वर्षांची लीज गळ्यात मारतात आणि ती मालकी नव्हे.

वेंगुर्ल्याची लेक
मला वेगळंच बोलायचं आहे. माझं माहेर वेंगुर्ल्याचं, लग्नानंतर राजारामपुरीत. आमच्या वाडीत मुंबई-पुण्याच्या लोकांनी जागा घेऊन बंगले बांधले, मे महिन्यात आठ दिवस उघडतात, बाकी वर्षभर कुलूप. भाव इतके वर गेले की माझ्या सख्ख्या भावाला समुद्र दिसेल अशी चार गुंठे जागा घेता येत नाही, जिथं आजोबांच्या होड्या लागायच्या. स्पेनमध्ये हेच झालं. 2024 मध्ये मायोर्का आणि कॅनरी बेटांवर लोक हजारोंनी रस्त्यावर उतरले, आम्हाला आमच्याच गावात घर परवडत नाही म्हणून. त्यांनी घर घेतलं की रहिवासी परवाना ही सोय एप्रिल 2025 पासून बंद केली, पोर्तुगालनं 2023 लाच केली. कायदा असा बदलला की तुमचा हिशेब कोसळतो हे तर आहेच, पण त्याआधी कुणाच्या तरी गावात आपण कुलूप लावून ठेवणार आहोत ह्याचा विचार करा दादा.

रंकाळा ते शारजा
ताई तुमचं दुःख खरं हाय, पण दुबईत तसं न्हाई, तिथं घर रिकामं राहत न्हाई, आमच्यासारखी नोकरदार माणसं भाड्यानं राहत्यात.

शाहूपुरीकर
सगळं वाचलं. काल रात्री कराराचा मसुदा परत काढून बसलो, भाड्याची हमी पहिल्या दोन वर्षांची आहे, तिसऱ्या वर्षाचं कलमच नाही, आणि फ्लॅट त्यांच्याच हॉटेल कंपनीला चालवायला द्यायची अट. टोकन थांबवलंय. ताईंचं बोलणं बायकोला वाचून दाखवलं, ती म्हणाली मी हेच सांगत होते. पण पैसा बाहेर ठेवायचा ह्यावर मी ठाम आहे.

हिशेबनीस
मग परदेशी फंडात ठेवा. टीसीएस तोच, शेड्युल एफए तेच, पण विकायला दोन-चार दिवस पुरतात आणि गंज चढत नाही.

शाहूपुरीकर
काका, फंडात राहता येत नाही. पुरात आईला घेऊन दोन रात्री जिन्यातल्या पायऱ्यांवर काढल्यात, बॅटरीच्या उजेडात एकेक पायरी बुडताना बघत. तेव्हापासून कोरडी फरशी एवढंच डोक्यात आहे.

नागाळा पार्क
मग त्यासाठी काळ्या समुद्रावर कशाला जायचं भावा? मोरेवाडी, आर. के. नगरच्या बाजूला 2019 ला पाणी कुठं आलं होतं? आईंना घेऊन रविवारी ये, मी पण तिकडंच बघतोय, दोन बिल्डिंग दाखवतो.