शेतातल्या ईएसपी३२ ला लिथियम आयर्न फॉस्फेटच का नको?

बागायतदार: काटोलकडच्या संत्र्याच्या बागेत मातीचा ओलावा मोजायला ईएसपी३२ बोर्ड (वाय-फाय असलेल्या छोट्या कंट्रोलर चिपचा) लावलाय. दर १५ मिनिटांनी ५ सेकंद जागा होतो, वाय-फायवर आकडा पाठवतो, परत झोपतो. आधी ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी लावली होती, दोन दिवसांत संपली. ९ चे ३.३ व्होल्ट करताना बोर्डावरचा रेग्युलेटर (व्होल्टेज कमी करून स्थिर ठेवणारा भाग) ६३ टक्के ऊर्जा नुसती उष्णतेत घालवतो. नवशिक्यांना ही बॅटरी कुणी सुचवू नये. माझं मत, ३.२ व्होल्टचा लिथियम आयर्न फॉस्फेट सेल थेट ३.३ च्या पिनला जोडावा. मधे रेग्युलेटरच नको.

सोल्डरवाला: ९ व्होल्टबद्दल एकदम सहमत, बाकी नाही. तुमची बॅटरी बोर्डाने खाल्ली. चिप गाढ झोपेत १० मायक्रोअँपिअरच्या आसपास घेते, पण बोर्डावरचा एएमएस१११७ रेग्युलेटर एकटाच ५ मिलिअँपिअर पितो. वर पॉवरचा एलईडी आणि यूएसबीची चिप. झोपेत १० मिलिअँपिअर धरले तर २६०० एमएएचचा (मिलिअँपिअर-तास, म्हणजे साठवणक्षमता) १८६५० आकाराचा लिथियम-आयन सेलसुद्धा ११ दिवसांत आटोपतो. हे सगळं काढा आणि हिशेब बघा: ५ सेकंद १२० मिलिअँपिअर म्हणजे सरासरी ०.६७, झोपेसकट ०.७ धरू. तोच सेल कागदावर पाच महिने जातो. तुमचा फॉस्फेटचा त्याच आकाराचा सेल १५०० एमएएचचा, म्हणजे तीनच महिने. स्वतः कमी करंट खाणारा चांगला रेग्युलेटर टाका आणि साधा लिथियम-आयन वापरा.

बागायतदार: दोन महिने कमी मिळाले तरी चालतील. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ च्या वर जातो, बंद डबीत त्याहून जास्त. साध्या लिथियम-आयनच्या बहुतेक डेटाशीटवर चार्जिंगची मर्यादाच ४५ अंश असते. सोलर पॅनल लावून भर दुपारी तो सेल चार्ज करायचा? बागेत माणसं असतात, मला ही जोखीम घ्यायची नाही.

सोल्डरवाला: सोलरचं आधी सांगायला हवं होतं. उन्हाचा मुद्दा मान्य. पण मग टीपी४०५६ चं चार्जिंग मॉड्यूल अजिबात लावू नका. ते ४.२ व्होल्टपर्यंत चढवतं, फॉस्फेट सेलची हद्द ३.६. ईएसपी३२ चीही तीच, आणि तुमच्याकडे मधे रेग्युलेटर नाही.

गावातला दुकानदार: तीन एए अल्कलाइन सेल का नाहीत? पाड्यावरच्या दुकानातही मिळतात, चार्जर लागत नाही. याच हिशेबाने चार महिने निघावेत. फक्त ४.५ व्होल्ट थेट देऊ नका, रेग्युलेटर लागेलच, तोही कमी ड्रॉपआउटचा. एएमएस१११७ ला ३.३ च्या वर एक व्होल्टहून जास्त लागतं, त्यामुळे सेल निम्मे भरलेले असतानाच बोर्ड बंद पडेल. आणि संपलेले सेल आत ठेवू नका, गळतात.

सोल्डरवाला: एक विचारायचं राहिलं. ओलाव्याचा सेन्सर कुठल्या पिनवर आहे?

बागायतदार: ३.३ वर, कायम चालू.

सोल्डरवाला: मग वरचे सगळे महिने विसरा. कपॅसिटिव्ह सेन्सर ५ मिलिअँपिअरच्या आसपास घेतो, रात्रंदिवस. तुमचा १५०० चा सेल ११ दिवस पुरेल. सेन्सरचा पॉवर एका जीपीआयओ पिनवर (प्रोग्रामने चालू-बंद करता येणाऱ्या) घ्या, जाग आल्यावर चालू, झोपण्याआधी बंद.

बागायतदार: आजच वायर बदलतो. सेल मात्र फॉस्फेटचाच राहील.