बीए झाल्या झाल्या टेसॉलसाठी ब्रिटनला जावं का?

ऐरोलीची शिक्षिका:
माझी ठाण्याची भाची यंदा इंग्रजी घेऊन बीए झाली. आता तिला ब्रिटनला एमए टेसॉल करायचंय, म्हणजे इंग्रजी ज्यांची मातृभाषा नाही त्यांना ती कशी शिकवायची याचा १ वर्षाचा कोर्स. ताई-भावोजी कर्ज काढायला निघालेत. माझं मत स्पष्ट आहे, आत्ता नको. मी ११ वर्षं शिकवतेय. वर्गात कधी उभंच न राहिलेल्या मुलीला तिथली थिअरी कशाला लावायची हे कळणार नाही. काही विद्यापीठं तर प्रवेशालाच अध्यापनाचा अनुभव मागतात. आणि परत आल्यावर इथल्या शाळेत बीएड किंवा डीएड लागतंच, आठवीपर्यंत टीईटी ही शिक्षक पात्रता परीक्षासुद्धा.

घोडबंदरकर:
ताई, मी अशीच बीएनंतर लगेच गेले होते. मी शिकले त्या शाळेत चूक म्हणजे लाल शाई. तिथे पहिल्यांदा कळलं की चुकीला कारण असतं. मराठीत ‘व’ एकच, म्हणून आपली मुलं ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ सारखेच उच्चारतात. ‘अ’, ‘अॅन’, ‘द’ सारखं काही आपल्या भाषेत नाही, म्हणून ते गळतात. आता माझ्या वर्गात कन्नड, भोजपुरी, तेलुगू बोलणारी मुलं आहेत. प्रत्येकाची चूक वेगळी, आणि ती कुठून येते ते मला दिसतं. अनुभव नव्हता, तशा मोडायला जुन्या सवयीही नव्हत्या.

नेरुळचे काका:
शिकण्याबद्दल वाद नाही, कर्जाबद्दल आहे. शिक्षणानंतर तिथे राहून नोकरी करायचा व्हिसा २ वर्षांचा होता. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या एमएवाल्यांना १८ महिनेच मिळणार. त्या पगारावर हप्ते फेडायचं गणित मांडू नका. आधी सेल्टा, म्हणजे इंग्रजी शिकवण्याचा केंब्रिजचा छोटा कोर्स, करू दे: १२० तास, त्यातले ६ तास खऱ्या विद्यार्थ्यांना शिकवायचं. एमए हवंच तर हैदराबादचं इफ्लू, म्हणजे इंग्रजी आणि परकीय भाषांचं विद्यापीठ, आहे, १९५८ पासून हेच काम करतंय.

ऐरोलीची शिक्षिका:
काका, सेल्टाचं पटलं. बऱ्याच एमएंमध्ये प्रत्यक्ष पाठ घ्यावेच लागत नाहीत, माझी भीती तीच आहे. घोडबंदरकर, ‘व’चं तुम्ही म्हणता ते मी रोज ऐकते. कारण माहीत असतं तर कितीतरी मुलांवर उगाच ओरडले नसते. तरीही म्हणेन, २ वर्षं शिकवू दे, मग जाऊ दे.

घोडबंदरकर:
२ वर्षं थांब म्हणणं सोपं आहे, ताई. माझ्याबरोबरच्या दोघी थांबल्या. पहिल्याच वर्षी घरच्यांनी स्थळं बघायला सुरुवात केली. दोघीही गेल्या नाहीत. थांबवायचंच असेल तर तिच्या आईबाबांकडून आधी शब्द घ्या, आणि पैसे तिच्या नावावर बाजूला काढून ठेवायला सांगा.

ऐरोलीची शिक्षिका:
हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. रविवारी ठाण्याला जातेय. ताईशी आधी याच विषयावर बोलते, कोर्सचं नंतर.