सगळ्यांना आवडतं ते मला का आवडत नाही? (पिक्चर, सिरीज)

विश्रामबागकर:
नमस्कार मंडळी. इथं रोज वाचतो, लिहितोय पहिल्यांदाच. विषय फार मोठा नाही पण डोक्यातनं जाईना म्हणून विचारतो. ज्या पिक्चरचा गावभर बोलबाला असतो तो मला आवडत नाही. एखाददुसरा असता तर सोडून दिलं असतं, पण आता नेहमीचंच झालंय. 'पुष्पा २' आला तेव्हा ऑफिसातली सगळी गँग निघाली, मीपण गेलो. ३ तास २० मिनिटांचा पिक्चर. हिरो पडद्यावर आला की पोरं कागद फाडून उधळायची, शिट्ट्या, आरडाओरडा, माझ्या पुढच्या सीटवरच्या पोराचे तर डोळे भरून आलेले आनंदानं, आणि मी हाताची घडी घालून बसलोय, आत काहीच हलत नाही. घरी बायकोनं गेम ऑफ थ्रोन्स बघितली, ८ सीझन, ७३ भाग, मी शेजारी बसायचो पण कोण कुणाच्या बाजूनं आहे हेच कळायचं नाही, मग उठून आत जायचो, आणि तिला ते लागायचं.

सगळ्यात जड जातं दुसऱ्या दिवशी डबा खाताना. सगळे एकमेकांना सीन सांगत असतात, तोंडावर नुसता आनंद. मी "मला नाही एवढा भिडला" म्हटलं की समोरच्याचं तोंडच उतरतं, जणू मी त्यालाच नाव ठेवलंय. म्हणून हल्ली मी पण "भारी होता" म्हणून मोकळा होतो, पण असं खोटं बोलायला मला आवडत नाही. मला कुणापेक्षा शहाणं ठरायचं नाहीये. त्यांना जो आनंद मिळतो तो मलापण पाहिजे. माझ्यातच काही कमी आहे का? अजून कुणाला असं होतं का?

तासगावचा_फॅन:
भावा, कमी बिमी काही नाही, पण तू पिक्चर चुकीच्या पद्धतीनं बघतोयस असं मला मनापासनं वाटतं. हाताची घडी घालून? असले पिक्चर बसून बघायचेच नसतात. आम्ही पहिल्या दिवशी पहिल्या शोला जातो, आदल्या रात्रीपासून ग्रुपवर चर्चा, सकाळी नाष्टा एकत्र, आत गेल्यावर ओळखीची बिनओळखीची सगळी पोरं एक होतात. एन्ट्रीला मी ओरडतो तेव्हा बाजूचा अनोळखी माणूस माझ्या खांद्यावर हात टाकतो. आठवडाभर दुकानात उभं राहून जे साठलेलं असतं ते तिथं निघून जातं. स्टोरी काय होती हे मला पण नंतर नीट सांगता येत नाही आणि त्याचं मला काही वाटत नाही. तू एकदा आमच्याबरोबर ये.

मिरज_एडिटर:
मी लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो, त्यामुळं वरच्या दोघांचं पण पटतंय. जरा कामाच्या बाजूनं सांगतो. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमनं, म्हणजे २४ चित्रांनी चालतो. हिरोची एन्ट्री ९६ फ्रेमनं शूट करायची आणि २४ नं चालवायची, म्हणजे १ सेकंदाची चाल ४ सेकंदांची होते. आधी बूट, मग हात, मग मान, चेहरा सगळ्यात शेवटी. चेहरा दिसला की डायलॉग लगेच टाकत नाहीत, मध्ये नुसतं म्युझिक ठेवतात. ती मोकळी जागा कशासाठी? शिट्ट्यांसाठी! लगेच बोलला तर गोंगाटात डायलॉग ऐकूच जाणार नाही. म्हणजे ती जागा पब्लिकनं भरायची असं धरूनच पिक्चर कापलेला असतो. जो भरत नाही त्याला ते लांबलचक आणि रिकामंच वाटणार, त्यात त्याचा काय दोष. आणि ॲक्शनच्या वेळी नेमकं उलटं, दोन-दोन सेकंदांचे कट आणि वर ढोल, डोळ्यांना एका जागी थांबायला मिळतच नाही. माझ्याकडं येणारे कस्टमर पण आता असंच मागतात, नवरीची एन्ट्री स्लो आणि वरात बीटवर कट. मी मनापासून करून देतो, पण दिवसभर हेच बघून संध्याकाळी मला स्वतःला एखादा माणूस शांतपणे बोलताना बघावासा वाटतो. तर आवाज आणि कट हे तुमचं एक कारण असू शकतं. तीच गोष्ट घरी आवाज कमी करून, सबटायटल लावून बघा, फरक पडतो.

विश्रामबागकर:
एडिटरदादा, शिट्ट्यांच्या जागेचं कधी डोक्यातच आलं नव्हतं. मला वाटायचं उगीच लांबवलंय. घरी कमी आवाजात बघून सांगतो. पण सिरीजचं काय? तिथं ना शिट्ट्या ना ढोल, तरी मी हरवतोच.

कुपवाडची_ताई:
दादा, तुमचं "कोण कुणाच्या बाजूनं कळायचं नाही" वाचून थांबले. माझं असंच होतं, आणि माझ्याबाबतीत त्याला कारण निघालं. मला चेहरे लक्षात राहत नाहीत. शेजारच्या काकू बाजारात वेगळ्या साडीत दिसल्या तर मी ओळखत नाही, त्या बोलल्या की आवाजावरनं कळतं. याला प्रोसोपॅग्नोसिया म्हणतात, शंभरात दोनेक जणांना कमी-जास्त प्रमाणात असतो असं अभ्यासक सांगतात, आणि मेंदूवर इतकं सुंदर लिहिणारे डॉक्टर ऑलिव्हर सॅक्स यांना स्वतःला होता. आता अशा माणसानं पन्नास दाढीवाले, सगळे काळ्या कातड्याच्या कपड्यातले, रात्रीच्या अंधारात लढताना बघायचे म्हणजे काय होत असेल. एक मेला की मला वाटायचं हा तर मघाशीच मेला! मिस्टर चिडायचे, तुझं लक्षच नसतं म्हणायचे. मग मुलीनं कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर नावं लिहून दिली, पुढं खुणा, "गालावर व्रण", "एक हात नाही", "केस पांढरे". ते पान मांडीवर घेऊन बघितलं आणि पहिल्यांदा एक सिरीज शेवटपर्यंत बघून झाली. तुम्हाला हाच त्रास आहे असं मी म्हणत नाही, पण ओळखीची माणसं भलत्या जागी भेटल्यावर ओळखायला येतात का एवढं बघा. येत असतील तर विषय वेगळा.

विश्रामबागकर:
ताई, चेहरे मी ओळखतो, तो प्रश्न नाही. पण नावं लिहून ठेवायचं मला पण जमेल.

अजिंक्यतारा_साताराकर:
मला मुळात हे "सगळ्यांना आवडतं" हेच पटत नाही. आवडलेला माणूस ओरडून सांगतो, न आवडलेला तुमच्यासारखा गप्प बसतो, मग वाटतं सगळ्यांनाच आवडलंय. तुमच्या डब्याच्या टेबलावर अजून एकजण तरी "भारी होता" म्हणून गप्प बसलेला असणार. आणि आजची आवड उद्या तशीच राहते असंही नाही. आमच्या वाईजवळ मेणवलीला 'स्वदेस'चं शूटिंग झालं, कृष्णेच्या घाटावर, नाना फडणवीसांचा वाडा आहे तिथं. २००४ ला पिक्चर आला तेव्हा थेटरात फारसा चालला नाही. आज त्याच घाटावर लोक लांबनं येऊन फोटो काढतात आणि तो पिक्चर आवडत नाही म्हणणाऱ्याकडं चमकून बघतात. 'शोले' १९७५ ला आला तेव्हा सुरुवातीला थंडच होता, नंतर मुंबईत मिनर्व्हा थेटरात ५ वर्षं चालला. मग पहिल्या आठवड्यात ज्यांना 'शोले' आवडला नाही त्यांच्यात काय कमी होतं? तुम्ही खोटं बोलायचं मात्र थांबवा, त्यानंच तुम्हाला जास्त त्रास होतोय असं वाचताना वाटलं.

हरिपूर_रोड:
मी वयानं तुम्हा सगळ्यांपेक्षा मोठा, त्यामुळं थोडं लांबलं तर चालवून घ्या. तासगावच्या पोराचं वाचून मला संगीत नाटकं आठवली. पद रंगलं की पब्लिक वन्स मोअर द्यायचं आणि नट तेच पद परत घ्यायचा, नाटकातला प्रसंग तिथंच थांबलेला, मागं कुणीतरी मरणाच्या दारात असायचं तरी कुणाला घाई नाही. शेजारी बसलेल्या नवख्या माणसाला ते वेड्यासारखंच वाटत असणार. सांगलीत विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली 'सीता स्वयंवर' केलं तेव्हापासून आपल्याकडं प्रेक्षक हा नाटकाचा अर्धा भाग आहे, म्हणून पोरांच्या शिट्ट्यांना मी कधी नावं ठेवत नाही. पण मला स्वतःला आता तो आवाज सोसत नाही हेही खरं. मला समोर जिवंत माणूस लागतो, त्याचा श्वास ऐकू आला पाहिजे, वाक्य विसरला तर तो कसा सावरतो हे दिसलं पाहिजे. तुम्ही नाटक बघता का? तुम्ही फक्त न आवडलेल्याची यादी दिलीत. काय आवडतं ते लिहिलंच नाहीत.

विश्रामबागकर:
काका, बरं विचारलंत. मला माणसं बोलताना बघायला आवडतात. कोर्टातला खटला, घरातलं भांडण, दोन भाऊ वाटणीवरनं बोलतायत असं काही असलं की मी तीन तास हलत नाही. कॉलेजात असताना एकांकिकांना बॅकस्टेजला होतो, विंगेत उभं राहून तेच वाक्य रोज ऐकायचो आणि रोज अंगावर काटा यायचा. नोकरी लागल्यावर ते सगळं सुटलं. हे कुणाशी बोललोच नव्हतो.

कुपवाडची_ताई:
मग ऑफिसात हे सांगा की. आणि पिक्चरचं विचारलं तर "मला नाही जमला, पण तुला कुठला सीन आवडला ते सांग" म्हणायचं. माझी बहीण एका सीनवर अर्धा तास बोलते आणि ती बोलत असताना मला मजा येते, पिक्चर बघताना आली नव्हती तेवढी.

हरिपूर_रोड:
५ नोव्हेंबरला रंगभूमी दिन, त्या सुमारास भावे नाट्यमंदिराकडं एक चक्कर मारा, बाहेर बोर्ड लागलेले असतात. मिसेसना पण घेऊन या.

विश्रामबागकर:
येतो काका, तिला आजच सांगतो. आणि तासगावकर, पुढचा मोठा पिक्चर आला की तुमच्याबरोबर पण येतो, शिट्टी मला वाजवता येत नाही एवढंच.

तासगावचा_फॅन:
शिट्टी आम्ही वाजवतो भावा, तू फक्त ये. तिकीट मी काढतो, मागं नको, खाली पुढच्या रांगांत बसू.