कौतुक झालं, पण खपलं किती?
वर एका भाऊंनी लिहिलं की समीक्षकांनी उचलून धरलं म्हणजे रेकॉर्ड खपणारच. तसं नसते ना बाप्पा! अमेरिकन जॅझ पियानोवादक बिल इव्हान्सचा पहिला अल्बम, ‘न्यू जॅझ कन्सेप्शन्स’, १९५६ मध्ये रेकॉर्ड झाला. समीक्षकांनी वाखाणला, पण पहिल्या वर्षात खपल्या जेमतेम ८०० प्रती. आमच्या गावच्या सप्त्यात याहून जास्त पत्रावळी उठतात. त्याचा पुढचा अल्बम रेकॉर्ड झाला थेट डिसेंबर १९५८ मध्ये.

हा पहिला मी हरभऱ्याच्या जागलीवर, मचाणावर बसून मोबाइलवर ऐकला. त्यातला ‘वॉल्ट्झ फॉर डेबी’ दीड मिनिटाचाही नाही, नुसता एकटा पियानो. डुकरं हाकलून येईस्तोवर संपला. परत लावला. सोबतचा भजनातला पेटीवाला म्हणे, “हा डाव्या हातानं काय करून रायला बे?”