सुपारी घेणारी नायिका: तिचा विवेक खरा की वाचकाची सोय?

उलटतपासणी (धागाकर्ता)

पैसे घेऊन माणसं मारणारी, पण आतून भली असलेली बाई. अशा थरारकथा मी आवडीने वाचतो आणि बघतो. हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर पहिलाच प्रतिसाद 'नका वाचू मग' असा यायचा.

माझी तक्रार तिच्या हातून मरणाऱ्यांबद्दल आहे. एक मुलांचा व्यापार करणारा, एक बायकोचा जीव घेऊन निर्दोष सुटलेला, एक औषधात भेसळ करणारा कारखानदार. साधा माणूस एकही नाही. भागीदारीतून बाहेर पडायला तयार नसलेला, घटस्फोट न देणारा, किंवा कोर्टात खरं बोलणार म्हणून कुणाला नकोसा झालेला माणूस या यादीत कधी सापडत नाही. लेखक यादी आधीच चाळून घेतो. मग कथेच्या मध्यावर एक निरपराध सावज समोर येतं, तिचा हात थबकतो आणि आपण गहिवरतो. आधीच्या दहा-बारा जणांच्या वेळी हा विवेक कुठे रजेवर होता? त्यांच्या फायली तिने वाचल्या होत्या का? बहुतेक कथांत त्या लेखकाने आपल्याला वाचून दाखवलेल्या असतात, तिला नाही.

दुसरं म्हणजे, मारेकरी पुरुष असला की तो कामाला चोख आहे एवढं पुरतं. त्याच्या बालपणाची चौकशी कुणी करत नाही. बाई असली की छळ झालेलं बालपण, हिरावलेलं मूल किंवा कोवळ्या वयात पळवून नेऊन दिलेलं प्रशिक्षण, यातलं काहीतरी लागतंच. म्हणजे तिचा क्रूरपणाही कुणीतरी दुसऱ्याने केलेला आणि तिचा चांगुलपणा मात्र उपजत!

आपण निर्धास्तपणे पुढची पानं उलटावीत म्हणून लेखकाने दिलेला परवाना, एवढंच या विवेकाचं काम आहे असं माझं मत. खोडून काढा.

रातवा

यादी चाळलेली असते, मान्य. पण निष्कर्ष मान्य नाही.

सुपारीच्या धंद्याची रचना बघा. एक देणारा, एक मधला, एक मारणारी. मधला असतो तो फक्त दलालीसाठी नाही. देणाऱ्याचं 'का' मारणाऱ्यापर्यंत पोहोचू नये ही त्याची खरी कामगिरी. नाव, पत्ता, मुदत, एवढंच खाली उतरतं. अशा ठिकाणी 'का?' असं नुसतं विचारणं हेच बंड ठरतं. तुम्ही ज्याला सोय म्हणता तो या कथाप्रकाराचा कणा आहे. प्रश्न विचारला की मधला बिथरतो, मधला बिथरला की शिकारी तीच होते, आणि तिथून खरी कथा सुरू होते.

२०२३ चा 'किल बोकसून' हा कोरियन चित्रपट घ्या. त्यात मारेकऱ्यांच्या कंपन्या आहेत आणि त्यांचे नियम आहेत: अल्पवयीनांना मारायचं नाही, कंपनीने मंजूर केलेलंच काम करायचं, आणि मंजूर झालेलं काम टाळायचं नाही. नायिकेला कळतं की समोरच्या तरुणाची सुपारी त्याच्याच बापाने, स्वतःची अब्रू वाचवायला दिली आहे. ती काम अर्धवट सोडते, म्हणजे तिसरा नियम मोडते. यात तिला परवाना मिळाला की होता तोही गेला?

खडूस_काका

कंपन्या, नियम, मंजुरी! सहकारी पतपेढी आहे की काय?

थोडं जमिनीवर या. ब्रिटनमधल्या १९७४ ते २०१३ या काळातल्या सुपारी-खुनांचा एक अभ्यास २०१४ मध्ये आला. २७ प्रकरणं, ३६ मारेकरी. त्यात बाई किती? एक. सरासरी मोबदला पंधरा हजार पौंडांच्या जरा वर आणि सगळ्यात कमी २०० पौंड. दोनशे! खून कुठे झाले? बऱ्याचदा साध्या वस्तीत, माणूस कुत्र्याला फिरवायला निघालेला असताना किंवा बाजारातून परतताना. कारणंही तुम्हाला हवी तशी भव्य नाहीत, धंद्यातली भांडणं आणि मोडलेले संसार. धागाकर्ते यादीबद्दल बरोबर बोलताहेत. कटात कुणी राष्ट्राध्यक्ष नसतो हो.

रातवा

काका, तो अभ्यास वर्तमानपत्रांतून मिळालेल्या प्रकरणांवर उभा आहे. म्हणजे जे उघडकीस आले तेच त्यात मोजले गेले. अभ्यासकांनी चार प्रकार पाडले, त्यातला सगळ्यात वरचा 'उस्ताद' हा प्रकार तर बहुतेक हाती लागतच नाही.

आणि त्या एकुलत्या एका बाईबद्दल थांबलात का? १९९२ मध्ये लंडनच्या एका रुग्णालयात तिने गोळ्या झाडल्या. पुढे तिने गुन्हा कबूल केला आणि सुपारी देणाऱ्यांविरुद्ध साक्षही दिली. तुमच्याच आकडेवारीतलं उदाहरण आहे.

खडूस_काका

खून झाल्यावर कबुली दिली. मेलेला परत आला का? कादंबरीतल्या बाईला चापावर बोट असतानाच उपरती होते. दोन्ही एकच म्हणून खपवू नका.

तळटीप

काकांच्या 'आधी की नंतर' या मुद्द्यावरच एक जुनी गोष्ट आठवली. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

चीनमध्ये थांग राजवटीच्या काळातली, नवव्या शतकातल्या फेई शिंगच्या नावावर असलेली न्ये यिन्न्यांगची कथा. सेनानीची मुलगी, दहा वर्षांची असताना एक भिक्षुणी तिला पळवून नेते आणि मारेकरी बनवते. (धागाकर्ते, तुमचं 'पळवून नेऊन प्रशिक्षण' हजार वर्षांहून जुनं आहे, सध्याच्या लाटेवर त्याचं खापर फोडू नका.) एकदा तिला एका बड्या अधिकाऱ्याचं डोकं आणायला पाठवतात. ती फार उशिरा परतते. भिक्षुणी कारण विचारते. तो माणूस एका गोड मुलाशी खेळत होता, लगेच हात उचलवेना, असं ती सांगते. भिक्षुणी दरडावते की पुढच्या वेळी आधी त्याच्या प्रिय जिवाला संपव आणि मग त्याला.

महत्त्वाचं हे की मूळ कथेत ती डोकं घेऊनच परतली आहे. विवेकाने फक्त उशीर केला. याच कथेवर हौ श्याव-श्येन यांनी २०१५ मध्ये चित्रपट केला, त्यासाठी त्यांना कान महोत्सवात दिग्दर्शनाचं पारितोषिक मिळालं. त्यात मात्र ती मुलाला पाहून त्या माणसाला जिवंत सोडते.

मला मूळ कथा जास्त अस्वस्थ करते. तिथे कळवळा आहे आणि खूनही आहे, एकाच दुपारी, एकाच बाईच्या हातून. आजच्या लेखकाला हे झेपत नाही. कळवळा दाखवला की सावज सुटलंच पाहिजे असं त्याला वाटतं.

उलटतपासणी

तळटीप, भारी प्रतिसाद. माझं म्हणणं मला जमलं नाही इतकं नेमकं मांडलंत. विवेक असूनही तिने खून केला, तर वाचक अडचणीत येतो. आपल्याला ती आवडलेली असते आणि हातात डोकं असतं. हल्लीच्या कथा ही अडचण येऊच देत नाहीत.

रातवा, 'किल बोकसून'मध्ये सावज सोडून दिल्यावरही तिचा पूर्वीचा हिशेब कोण मागतं? तिची किशोरवयीन मुलगी आहे, आईला मुलीशी नीट बोलता येत नाही, आणि आपलं सगळं लक्ष तिकडे वळतं. पुन्हा आईपण! माझा दुसरा मुद्दा तुमच्याच उदाहरणाने सिद्ध होतो.

गुलबक्षी

आईपणाबद्दल अर्धी सहमत. सोपी वाट आहे ती, लेखक घेतात. पण त्या चित्रपटात मुलीनेही वर्गातल्या एकाला कात्रीने भोसकलेलं आहे, आणि आपल्यातलं काय हिच्यात उतरलंय हे आईला बघावं लागतं. हे काही नायिकेचे लाड नव्हेत. सोयीस्कर भाग गाळून उदाहरण देणं तुमच्या टोपणनावाला शोभत नाही 😀

बाईच का, याचं उत्तर बालपणाच्या जखमांपलीकडेही आहे. परिचारिका, सफाई करणारी, म्हाताऱ्या बाईची सोबतीण, यांच्याकडे कुणी मान वर करून बघत नाही. मारेकऱ्याला याहून काय हवं? गु ब्योंग-मो या लेखिकेच्या २०१३ च्या कोरियन कादंबरीतली नायिका ६५ वर्षांची आहे. तिच्या धंद्यात खुनाला 'रोगनियंत्रण' म्हणतात. तिचं शरीर थकतंय, घरी पाळलेलं म्हातारं कुत्रं आहे, आणि आजवर ज्या माणसांकडे फक्त लक्ष्य म्हणून पाहिलं त्यांच्याकडे तिची नजर रेंगाळू लागते. इथे विवेक एका झटक्यात जागा होत नाही. वयाबरोबर हळूहळू येतो, आणि धंद्यात तो दोष ठरतो. तुमच्या 'परवान्या'त हे कसं बसवणार?

आणि विवेक आला म्हणून लेखक तिला सोडतात हेही खरं नाही. 'किलिंग ईव्ह' मालिकेतली व्हिलानेल तीन पर्व बेदरकारपणे मारत सुटते. २०२२ च्या चौथ्या पर्वाच्या सुरुवातीला चांगलं व्हायचं म्हणून बाप्तिस्मा घेते आणि त्याच पर्वाच्या शेवटच्या भागात गोळ्या खाऊन मरते. प्रेक्षक खवळले. ज्यांच्या पुस्तकांवरून मालिका बनली त्या ल्यूक जेनिंग्ज यांनीही जाहीर नापसंती दाखवली, कारण पुस्तकांत ती जिवंत राहते. गुन्हेगाराविषयी सहानुभूती वाटेल असं काही दाखवायचं नाही, ही हॉलिवूडची संहिता १९३४ पासून कडकपणे राबवली गेली आणि १९६८ मध्ये गेली. कागदावरून गेली, एवढंच. पुरुष मारेकरी निवृत्त होऊन समुद्रकिनारी जातो आणि बाईला मात्र शेवटच्या भागात हिशेब चुकवावा लागतो, यावरही एक धागा काढा.

खडूस_काका

पुरुष मारेकरीही ढिगाने मरतात शेवटी. उगाच काहीही.

बाकी ६५ वर्षांची नायिका आवडली. वाचेन.

रातवा

आता मूळ तक्रारीकडे. मारलेले सगळे नालायकच का, या प्रश्नाचं एक उत्तर अजून कुणी दिलं नाही. यातल्या कितीतरी कथा तिच्या तोंडून, 'मी' म्हणून सांगितलेल्या असतात. म्हणजे मेलेल्यांचं वर्णन आपल्याला खून करणारीकडूनच मिळतं. ती त्यांना राक्षस म्हणणारच! तो कारखानदार खरंच भेसळ करत होता हे आपल्याला कोण सांगतं? तीच. आणि तिला कुणी सांगितलं? मधल्याने, ज्याची दलाली त्यात अडकली होती.

तुम्ही ती यादी लेखकाची साक्ष म्हणून वाचता. आरोपीचा जबाब म्हणून वाचून बघा. विवेक असलेल्या माणसालाच अशी यादी रचावी लागते, विवेक नसलेला 'पैसे मिळाले, मारलं' म्हणून मोकळा होतो.

उलटतपासणी

हा मुद्दा चांगला आहे आणि मी त्यावर विचार केला. पण जबाब खोटा असू शकतो हे वाचकाला कळायला कथेत कुठेतरी फट हवी. कारखानदाराच्या अंत्ययात्रेला कामगार रडताना दिसावेत, किंवा कुणाची तरी बहीण म्हणावी की तुम्ही चुकीच्या माणसाला मारलंत. शंभरातल्या एखाद्या लेखकाने ती फट ठेवली तर मी तुमच्या बाजूने उभा राहीन. बाकीचे तिचा शब्द अन् शब्द खरा धरून चालतात, आणि वाचकानेही तसंच धरावं म्हणून मेहनत घेतात. न दिलेल्या फटीतून मी कसं बघणार?

आणि गुलबक्षी, कात्रीचा प्रसंग गाळला हे खरं. युक्तिवाद करणारा आपल्या सोयीचंच पुढे करणार, दुसरी बाजू तुम्ही मांडलीत ना.

तळटीप

रातवा, एक शंका. १९९० चा फ्रेंच 'निकिता' तुमच्या चौकटीत कुठे बसतो? ती पोलिसाचा जीव घेते, सरकार तिचा खोटा मृत्यू दाखवून तिला मारेकरी बनवतं, नकार दिला तर खरी कबर तयार आहे. तिने 'का' विचारून उपयोग काय? सुपारी तिने घेतलेलीच नाही, तिच्यावर लादली आहे. तिथे विवेकाने करायचं तरी काय?

रातवा

पळून जायचं. ती तेच करते. आणि आधी मारलेल्या पोलिसाचा प्रश्न तसाच मागे राहतो, हे धागाकर्त्यांनी म्हणायच्या आत मीच म्हणून टाकतो.