घरी सोडवायचा पेपर की वर्गातली परीक्षा? अनुभव लिहा

खडूफळा
जुन्या टेक-होम पेपरांची फाईल आज हाती लागली आणि तीच जुनी गोष्ट परत खटकली. बहुतेक पेपर वर्गातलेच, फक्त वेळ वाढवून दिलेला. ‘व्याख्या लिहा’, ‘फरक स्पष्ट करा’ असले प्रश्न घरी दिले तर मुलं पुस्तकातला उतारा उतरवून आणणार, दुसरं करायला उरतंच काय? आणि मग टेक-होममध्ये मुलं शिकत नाहीत म्हणून ओरड.
माझं मत: दोन्ही हवेत, पण एकाचे प्रश्न दुसऱ्यात घालू नयेत. सूत्रं, शब्दसंपदा, हातची गणितं, जे ऐनवेळी डोक्यात तयार असायला हवं ते वर्गात. शोधून, पडताळून, खाडाखोड करत करायचं काम घरी. पेपर काढणारे, तपासणारे, देणारे, सगळ्यांनी लिहा. काय केलं की जमतं आणि कुठे फसतं, तेवढं नेमकं येऊ द्या.

विवेचक
गणित, भौतिक, संख्याशास्त्र यांच्या टेक-होमला एकच आकडेवारी सगळ्यांना देऊ नका. रोल नंबरचे शेवटचे दोन अंक क आणि ख धरायचे आणि आकडे त्यावरून बांधायचे. उदा. रोध = १०० + १०क ओहम, विभवांतर = ६ + ख व्होल्ट. उत्तरसूची स्प्रेडशीटमध्ये: एका ओळीत सूत्रं घाला, खाली ओढा, १०० जोड्यांची उत्तरं तयार.
फसतं कुठे? क = ० आला की भागाकार कोसळतो, म्हणून छेदात नेहमी क + १ घ्या. वर्गसमीकरणात सहगुणक क, ख वरून काढले तर काहींचा विवेचक (वर्गमुळाखालची संख्या) ऋण येतो आणि त्यांचाच पेपर अवघड होऊन बसतो. म्हणून पूर्ण १०० ओळी एकदा नजरेखालून घालायच्याच.
आणखी एक. बरोबर उत्तरं सारखी असली तर त्यातून काही सिद्ध होत नाही. आकडे वेगळे असूनही दोघांची तिसऱ्या पायरीला चिन्हाची तीच चूक असेल, तर मात्र दोघांना बोलावून विचारावं.

अवनी_म
विवेचक, हे १०० ओळींचं फार कामाचं. धन्यवाद!

उजळणी
वर्गातल्या परीक्षेची एक बाजू राहून जातेय. परीक्षेत नुसतं मोजमाप होत नाही, शिकणंही होतं. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांचा २००६ चा प्रयोग बघा. एका गटाने उतारा चार वेळा वाचला. दुसऱ्याने एकदा वाचून तीनदा कोऱ्या कागदावर आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तर वाचणारे पुढे. आठवड्याने विचारलं तर वाचणाऱ्यांना सुमारे ४० टक्के आठवलं, लिहिणाऱ्यांना सुमारे ६१ टक्के. पुस्तक शेजारी उघडं असलं की हे आठवण्याचे कष्ट वाचतात, आणि टिकणारं शिक्षण त्या कष्टांतूनच येतं.

खडूफळा
उजळणी, पूर्ण पटतं. पण संशोधक पूजा अगरवाल आणि सहकाऱ्यांचं २००८ चं कामही जोडीला ठेवा. पुस्तक उघडं ठेवून परीक्षा दिलेल्यांना तेव्हा गुण जास्त पडले, पण आठवड्यानंतर ते आणि बंद पुस्तकवाले साधारण बरोबरीत आले, बंद पुस्तकवाल्यांना परीक्षेनंतर उत्तरं तपासायला मिळाली होती तेव्हा. म्हणजे वर्गातली परीक्षा घेऊन उत्तरपत्रिका तीन आठवड्यांनी परत दिली तर तिचा अर्धा फायदा वाया. पेपर संपल्याबरोबर उत्तरसूची हातात द्यावी.

शेवटचा_बाक
उद्या टेक-होम जमा करायचाय. १४ पानांची पीडीएफ ३८ एमबी होतेय, मर्यादा १० एमबी. मदत करा ना कोणी 🙏

अवनी_म
बाळा, फोटो थेट कॅमेऱ्याने काढलेस ना? एकेक रंगीत फोटो तीन-चार एमबीचा असतो. स्कॅनरचं अ‍ॅप घे, काळा-पांढरा मोड, १५० ते २०० डीपीआय (इंचामागे ठिपके). कागद खिडकीसमोर ठेव. दिवा पाठीमागे असला की तुझीच सावली पानावर पडते आणि पानाचा तो भाग काळा होतो.

निरंजन_के
अवनीताईंनी सांगितलं त्यात एक भर: पेन्सिलीने काढलेले आलेख काळ्या-पांढऱ्यात उडतात, रेघ गायबच होते. ती पानं करड्या छटांच्या मोडमध्ये स्कॅन कर. आणि जमा केल्यावर तिथली फाईल उघडून पानं मोज. मागची बाजू स्कॅन करायची राहते, तपासणाऱ्याला वाटतं प्रश्न सोडून दिला.

रातराणी
२४ तासांचा पेपर दिला की मुलं २४ तास जागतात. ‘तीन तासांचं काम आहे’ असं नुसतं लिहून काही होत नाही. बाकीची मुलं दहा तास बसली असतील या भीतीने प्रत्येक जण बसतो. कमावणाऱ्या, घरी लहान भावंडं सांभाळणाऱ्या मुलांना तेवढे तास नसतात, मग परीक्षा मोकळ्या वेळेची होते. उपाय दोन. एक, पेपर २४ तासांत केव्हाही उघडा, पण उघडल्यापासून साडेतीन तासच: तीन लिहायला, अर्धा स्कॅन आणि अपलोडला. दोन, कडक शब्दमर्यादा. ४०० शब्दांचं उत्तर रात्रभर फुगवता येत नाही.

शेवटचा_बाक
६.२ एमबी झाली!! अवनीताई, निरंजनदादा, खूप आभार

कातरवेळ
वर्गातल्या परीक्षेच्या बाजूने सगळे बोलताय, पण हात थरथरतो, अक्षर लागत नाही, घड्याळ बघितलं की डोकं बधिर होतं, अशा मुलांचं काय? लेखन-अक्षमता असलेल्या मुलाला विषय येतो, पण तीन तासांत कागदावर उतरत नाही. तिथे वर्गातली परीक्षा लिहिण्याचा वेग मोजते. टेक-होमने त्याला पहिल्यांदा बरोबरीचं मैदान मिळतं. हे विसरू नका, कळकळीने सांगतेय.

रातराणी
कातरवेळ, अगदी खरं. वाढीव वेळ मिळाला तरी वेगळ्या खोलीत बसवलं की सगळ्यांच्या नजरा तिकडेच, तोही त्रास. उलट बाजूही असते. ज्याच्या घरी टेबल नाही, शांतता नाही, त्याला वर्गातले तीन तासच निवांत मिळतात. म्हणून टेक-होम देताना वाचनालय किंवा रिकामी वर्गखोली उघडी ठेवावी.

निरंजन_के
नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं आणि टेक-होम निबंधाचा पायाच हलला. त्यावर ‘मजकूर यंत्राने लिहिलाय का’ ते सांगणारी साधनं वापरून मुलांना शिक्षा करू नका, ही हात जोडून विनंती. खुद्द चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने जानेवारी २०२३ मध्ये काढलेलं साधन यंत्राचा फक्त २६ टक्के मजकूर ओळखत होतं आणि माणसाने लिहिलेल्या ९ टक्के मजकुरावर खोटा शिक्का मारत होतं. जुलैमध्ये त्यांनी ते बंद केलं. ६० मुलांच्या वर्गात सगळ्यांनी स्वतः लिहिलं असलं तरी पाच जण आरोपी!
त्यापेक्षा तोंडी घ्या. पण हिशोब करून. ६० मुलं गुणिले ८ मिनिटं म्हणजे सलग ८ तास, एका माणसाला झेपत नाही. जमणारी रीत अशी: टेक-होम जमा झाल्यावर पुढच्या तासाला ज्याची उत्तरपत्रिका त्याला परत द्या आणि १५ मिनिटांत एकच प्रश्न लेखी सोडवायला द्या. ‘प्रश्न २ मधलं तुमचं दुसरं गृहीतक काढून टाकलं तर उत्तर कोणत्या पायरीपासून बदलेल? का?’ स्वतः लिहिलेल्याला हे पाच मिनिटांत जमतं. दुसऱ्याचं आणलेल्याला गृहीतक कुठलं तेच सापडत नाही. ज्यांच्या दोन कागदांत फार अंतर, तेवढ्यांचीच तोंडी घ्या.

उजळणी
निरंजन, हे १५ मिनिटांचं सगळ्यांत आवडलं. त्याला निम्मे गुण ठेवले तर मुलं टेक-होमही समजून करतील.

पुरवणी
नियम आधी छापा. ‘ओपन बुक’ एवढंच लिहिलं की प्रत्येक जण आपापला अर्थ काढतो. २०१२ मध्ये हार्वर्डला एका टेक-होम अंतिम परीक्षेवरून सुमारे १२५ विद्यार्थ्यांची चौकशी झाली. त्या पेपरवर पुस्तकं, टिपणं, इंटरनेट सगळं खुलं होतं, फक्त इतरांशी चर्चेला मनाई होती. इतकं सगळं खुलं असताना ती एकच मनाई नजरेतून निसटणार हे उघड आहे. पहिल्या पानावर चार ओळी ठळक हव्यात: काय वापरायचं, काय नाही, कोणाशी बोलायचं, शंका कुठे विचारायची. शंकेचं उत्तर सगळ्यांना एकाच वेळी जाऊ द्या.

अवनी_म
विद्यार्थ्यांसाठी: पुस्तक उघडं आहे म्हणून अभ्यास टाळू नका. पेपर हातात आल्यावर धडा पहिल्यांदा वाचायला घेतला की वेळ तिथेच संपतो. आदल्या दिवशी दोन पानांची सूची करा: संकल्पना, पान क्रमांक, एका ओळीत वापर. पेपर उघडल्यावर पहिली २० मिनिटं फक्त वाचन आणि मुद्दे. जे पुस्तकाशिवाय येतं ते आधी लिहून टाका.

विवेचक
मधला मार्ग कोणीच सांगितला नाही. वर्गातली परीक्षा, पण स्वतःच्या हाताने लिहिलेला एक ए-फोर कागद आणायची मुभा. छापील किंवा झेरॉक्स चालणार नाही. तो कागद तयार करताना काय महत्त्वाचं ते निवडावं लागतं, आणि शेवटी बघायची गरज फारशी पडत नाही. कागद उत्तरपत्रिकेला टाचून घ्या. कोणाला काय कळलेलं नाही ते त्यावरून उत्तरांइतकंच कळतं.

कातरवेळ
एका ए-फोरने सुद्धा भीती किती उतरते! हे सगळीकडे व्हायला हवं.

रातराणी
शब्दमर्यादा ओलांडली तर गुण कापायचे का हो?

पुरवणी
कापू नका, त्यावरून वाद होतात. मर्यादेपर्यंत वाचायचं, पुढचं तपासायचंच नाही, आणि हे पेपरवरच छापायचं. तपासतानाही एकेक मुलगा घेऊ नका. आधी सगळ्यांचा प्रश्न १, मग सगळ्यांचा २. नाहीतर पहिल्या उत्तराची छाप पुढच्या उत्तरांवर पडते.